लावणारा हात

केस लावून घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न आकड्याचा विचारतो: किती ग्राफ्ट लागतील? दुसरा पैशाचा: एका ग्राफ्टचे किती? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण वसमतच्या रानात हळद लावणारा शेतकरी एवढ्यावर थांबत नाही. एकरी किती क्विंटल बेणं लागेल हा हिशोब त्याच्याकडे असतोच. त्याचा जीव अडकलेला असतो तो लावणाऱ्या बायांच्या हातात. डोळा वर राहिला का, गड्डा फार खोल गेला का, दोन गड्ड्यांतलं अंतर पाळलं का, उघडा पडलेला गड्डा मातीआड झाला का, हे बघत तो सरीसरीने फिरतो. ज्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं नशीब मे-जूनच्या त्या काही दिवसांत मातीने भरलेल्या बोटांवर ठरतं.

केशरोपणाचंही तसंच आहे, आणि एका बाबतीत ते हळदीपेक्षा कठोर आहे. हळद फसली तर पुढच्या वर्षी नवं बेणं आणता येतं. डोक्याचं बेणं विकत मिळत नाही. ते ज्याचं त्याच्याच डोक्यामागून आणि कानांच्या वरच्या पट्टीतून काढावं लागतं. बहुतेकांच्या बाबतीत उभ्या आयुष्यात तिथून सुरक्षितपणे निघतात ते चार ते सहा हजार ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढलेली केसांची इवली जुडगी. काढलेला ग्राफ्ट लावताना मेला, तर मागची जागा रिकामी होते आणि पुढची भरत नाही. म्हणून या प्रकरणात मी काढण्याबद्दल थोडकं आणि लावण्याबद्दल सविस्तर लिहिणार आहे. जाहिराती नेमकं याच्या उलट करतात.

मागचेच केस का, हे आधी समजून घेऊ. पुरुषांचं नेहमीचं टक्कल कपाळावर आणि भोवऱ्यावर पडतं, मागची पट्टी मात्र म्हातारपणीही टिकते. टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाचा तिथल्या केसांच्या मुळांवर तसा परिणाम होत नाही. ती मुळं पुढे नेऊन लावली तर? न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५२ मध्ये हे करून पाहिलं आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केलं. केस जिथे नेला तिथला होत नाही, जिथून आणला तिथलाच राहतो, हा त्यांचा निष्कर्ष. त्यांच्या आधी, १९३९ मध्ये, जपानच्या शोजी ओकुदा यांनी भाजून किंवा जखमेने केस गेलेल्या माणसांवर गोल पंचाने काढलेली केसाळ कातडी लावली होती. मध्ये महायुद्ध आलं आणि त्यांचं काम कितीतरी वर्षं पश्चिमेला कळलंच नाही.

केस लावणं म्हणजे श्रीमंतांची हौस, असं आपल्याकडे पटकन म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. कुष्ठरोगात भुवया झडतात. रोग बरा झाल्यावरही भुवया नसलेला चेहरा गावाला ओळखू येतो आणि माणूस बाहेरच राहतो. वेल्लोरला शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी अशा रुग्णांना डोक्याच्या कातडीची पट्टी तिच्या धमनीसकट कपाळाच्या कातडीखालून ओढून भुवया करून दिल्या. या भुवया डोक्याच्या केसांसारख्याच वाढत राहतात, त्या अधूनमधून कातराव्या लागतात. ओरेंट्राइक यांचा सिद्धांत याहून सोप्या रीतीने कोणी दाखवू शकणार नाही.

ओरेंट्राइक यांच्या काळातला ग्राफ्ट चार मिलिमीटर व्यासाचा असे. एका ठिगळात पंधरा-वीस केस. दुरूनही ते रोवलेल्या झुपक्यांसारखे दिसत, बाहुलीच्या डोक्यावर असतात तसे. पुढे लक्षात आलं की निसर्ग केस असे लावतच नाही. कातडीतून ते एक, दोन, तीन, क्वचित चार अशा लहान जुडग्यांनी निघतात. १९८४ मध्ये हेडिंग्टन यांनी या जुडग्याचं सूक्ष्मदर्शकाखालचं वर्णन केलं. सॅन अँटोनिओच्या बॉबी लिमर यांनी १९८८ पासून सूक्ष्मदर्शकाखाली ही जुडगी सुटी करायला सुरुवात केली. १९९५ मध्ये बर्नस्टीन आणि रासमन यांनी फक्त जुडगीच लावायची अशी पद्धत मांडली. आज मागून एक पट्टी कापून ती सुटी करतात, किंवा ०.८ ते १ मिलिमीटरच्या पोकळ पंचाने एकेक जुडगं थेट काढतात. दोन्ही वाटा एकाच जागी येतात: थंड सलाइनच्या काचेच्या थाळीत, रांगेने ठेवलेले इवलेसे ग्राफ्ट. प्रत्येकाची लांबी चार ते सहा मिलिमीटर. वर कातडीचा टिपका, मध्ये केसाचा धागा, खाली कांद्याच्या पातीच्या बुडाशी असतो तसा फुगीर कंद, आणि त्याभोवती चरबीचं पातळ पांघरूण.

या क्षणी तो ग्राफ्ट अनाथ असतो. त्याचा अर्थ कळण्यासाठी पुण्याची एक गोष्ट सांगतो. टिपूशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेचा बैलवाला कावसजी कैद झाला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका देशी वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी उतरवून त्याला नवं नाक करून दिलं. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचा वृत्तांत छापून आला. तिथून युरोपात नाकाच्या शस्त्रक्रियेला नव्याने चालना मिळाली. त्या वृत्तांतात आधी मेणाचं नाक करून त्याचा आकार कपाळावर आखणं आहे, जखमेवर काथाच्या पट्ट्या ठेवणं आहे. पण सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वेगळीच आहे. कपाळाची कातडी उतरवताना वैद्याने ती दोन भुवयांच्या मधे थोडी जोडलेली ठेवली होती. त्या चिंचोळ्या पुलावरून रक्त येत राहिलं, कातडी जगली, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी तो पूल कापला गेला.

केसाच्या ग्राफ्टला असा पूल नसतो. तो पूर्ण तोडलेला असतो. नव्या जागेत गेल्यावर पहिले दोन-तीन दिवस तो भोवतालच्या ओलाव्यातून झिरपणारं पाणी आणि अन्न शोषून कसाबसा तग धरतो. तोवर आजूबाजूच्या केशवाहिन्या त्याच्या उरलेल्या वाहिन्यांना जाऊन मिळतात आणि रक्त सुरू होतं. म्हणून ग्राफ्ट चिरेत घट्ट आणि नीट बसलेला असणं, त्याच्या चारी बाजूंना जिवंत कातडी टेकलेली असणं, हीच त्याची जगण्याची अट आहे.

त्याआधी त्याला बाहेरचे तास काढायचे असतात. लिमर यांनी ग्राफ्ट शरीराबाहेर थंड सलाइनमध्ये किती वेळ जगतात हे मोजलं होतं. दोन तासांनी लावलेल्यांपैकी ९५ टक्के जगले, चार तासांनी ९०, सहा तासांनी ८६, चोवीस तासांनी ७९ आणि अठ्ठेचाळीस तासांनी ५४. म्हणजे पहिल्या सहा तासांत दर तासाला दोन-अडीच टक्के. हे नुकसान पेलण्यासारखं आहे. पेलत नाही ते सुकणं. थाळीतून उचललेला ग्राफ्ट हातमोज्याच्या बोटावर, दिव्याच्या प्रकाशात, वातानुकूलित खोलीच्या कोरड्या हवेत काही मिनिटं पडून राहिला तर त्याच्या पेशी आकसतात आणि त्या पुन्हा पाण्यात टाकून जिवंत होत नाहीत. मिरचीचं रोप लावणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. वाफ्यातून उपटलेल्या जुड्या तो ओल्या गोणपाटात गुंडाळतो, सावलीत ठेवतो, एका वेळी मूठभरच बाहेर काढतो. मुळाला वारा लागू द्यायचा नाही. चांगल्या ग्राफ्ट लावणाऱ्याच्या बोटावरही एका वेळी मोजकेच ग्राफ्ट असतात, आणि तेही सलाइनच्या थेंबात.

आता जमीन तयार करू. ज्या भागात केस लावायचे तो सुन्न करून तिथे सलाइन आणि थोडं ॲड्रिनलिन भरतात. कातडी टम्म फुगते, खोलच्या रक्तवाहिन्या सुईच्या टोकापासून दूर जातात आणि रक्त कमी येतं. मग डॉक्टर चिरा घेतात. चिरेची रुंदी ग्राफ्टच्या मापाची हवी. एका केसाच्या ग्राफ्टला २१ किंवा २२ गेजची सुई, म्हणजे ०.७ ते ०.८ मिलिमीटर, दोन केसांना २० गेज, तीन-चार केसांना १९ किंवा १८. काही जण खास पात्यांनी चिरा घेतात. चीर अरुंद झाली तर ग्राफ्ट कोंबावा लागतो आणि चिरडतो. सैल झाली तर तो टिकत नाही.

ही चीर म्हणजे नुसतं भोक नव्हे. केस पुढे कोणत्या कोनात उगवणार, कुठे झुकणार, हे सगळं चिरेतच लिहिलं जातं. ग्राफ्ट तिच्या वाटेने जातो. कपाळाच्या रेषेवर केस कातडीशी पंधरा-वीस अंशांचा कोन करून पुढे झुकलेले असतात, कानशिलावर जवळजवळ आडवे, मध्यभागी थोडे उभे, आणि मागच्या भोवऱ्यात गोल फिरणारे. आंघोळीनंतर ओल्या केसांत स्वतःच आरसा धरून पाहिलं तर हे दिसतं. पहिल्या दोन-तीन रांगांत फक्त एका केसाचे ग्राफ्ट, तेही वेडेवाकडे, पट्टीने आखल्यासारखे नव्हेत. दोन-तीन केसांची जुडगी त्यांच्या मागे. दाटी किती? आपल्या मूळ डोक्यावर चौरस सेंटिमीटरला साधारण ६० ते ८० जुडगी असतात. लावताना एका बैठकीत ३० ते ४५ पुरेशी धरली जातात. त्याहून दाट केलं तर दोन चिरांमधल्या कातडीलाच रक्त कमी पडायला लागतं.

आणि आता लावणं. हे अगदी जवळून पाहू.

लावणाऱ्याच्या डोळ्यांवर भिंगाचा चष्मा असतो आणि दोन्ही हातांत घड्याळजीच्या चिमट्यासारखे टोकदार, किंचित वाकलेले चिमटे. डाव्या चिमट्याचं टोक चिरेच्या काठाशी टेकवून चीर जरा उघडायची. उजव्या चिमट्याने ग्राफ्ट धरायचा, पण कंद चिमटीत घ्यायचा नाही. कंदाच्या खाली किंवा कडेला जी चरबी आणि मऊ ऊती असते ती हलकेच धरायची. कंद चिमटला गेला तर बाहेरून काही दिसत नाही. ग्राफ्ट नीट बसतो, खपली धरते, आणि तिथे केस येतच नाही किंवा येतो तो वेडावाकडा. धरलेला ग्राफ्ट चिरेच्याच कोनात, कंद पुढे ठेवून, एका ओघात आत सरकवायचा. अर्ध्यावर अडला तर ढकलायचं नाही. तो काढून पुन्हा धरायचा किंवा दुसरी चीर निवडायची. वारंवार ढकललेला ग्राफ्ट आत जाऊनही दुमडलेला असू शकतो.

किती खोल, हा त्यातला सगळ्यात नाजूक भाग. ग्राफ्टचा वरचा टिपका भोवतालच्या कातडीच्या पातळीत किंवा केसभर वर राहायला हवा. खाली बुडाला तर त्या जागी खळगा पडतो, वरून कातडी मिटली तर आत गाठ होते, केस आतल्या आत वळतो. फार वर राहिला तर उघडी मान सुकते आणि जगलाच तर कातडीवर मुरमासारखे उंचवटे राहतात. हळदीचा गड्डा दोन बोटं खोल चालतो, तीनही चालतो, जमीन सांभाळून घेते. इथे अर्ध्या मिलिमीटरची चूकही आरशात वर्षानुवर्षं दिसत राहते.

त्यात रक्त असतं. एक ग्राफ्ट बसवला की शेजारचा दाबाने उसळून वर येतो. याला उपाय घाईचा नाही. ओल्या गॉजने किंवा कापसाच्या काडीने काही सेकंद हलका दाब द्यायचा, ती जागा सोडून थोडं पुढे लावायचं, रक्त थांबलं की परत यायचं. घाई करणाऱ्या हाताकडून दोन चुका होतात. एकाच चिरेत आधीच ग्राफ्ट आहे हे न दिसल्याने त्यावर दुसरा बसवला जातो, खालचा गाडला जातो आणि तिथे गाठ धरते. आणि काही चिरा रिकाम्याच राहतात. म्हणून शेवटी संपूर्ण भाग धुऊन, भिंगातून ओळीओळीने पुन्हा बघावा लागतो. माझ्या मते एखादं केंद्र चांगलं आहे की नाही हे या शेवटच्या अर्ध्या तासावरून कळतं, कारण तोवर सगळ्यांच्या माना अवघडलेल्या असतात आणि घरी जायची वेळ झालेली असते.

चिमट्याला पर्याय म्हणून पेन आलं. कोरियातल्या देगू शहरातल्या क्युंगपूक विद्यापीठाच्या युंग चुल चोई आणि जंग चुल किम यांनी १९९२ मध्ये ते मांडलं. पोकळ सुईत ग्राफ्ट भरायचा, सुई टोचायची, दट्ट्या दाबायचा, सुई मागे येते आणि ग्राफ्ट आत राहतो. धारदार पेन स्वतःच चीर घेतं, बोथट पेन आधी घेतलेल्या चिरेत ग्राफ्ट सोडतं. कंद चिमटला जाण्याचा धोका यात कमी होतो आणि खोलीही बरीचशी ठरवता येते. पण पेन भरणारा माणूस लागतोच. सुईत ग्राफ्ट ओढताना तो खरचटू शकतो आणि भरलेली पेनं वाट बघत पडली तर सुकतात. जाहिरातींत पेनाची जी वेगवेगळी भारी नावं दिसतात त्यांत मला फारसं तथ्य वाटत नाही. सरावलेला हात चिमट्यानेही उत्तम लावतो, नवखा हात पेनानेही वाया घालवतो.

आता थोडं गणित. एक ग्राफ्ट लावायला दहा सेकंद धरले तरी २,००० ग्राफ्टना साडेपाच तास होतात. त्यात काढण्याचा वेळ नाही, चिरा घेण्याचा नाही, जेवणाचा नाही. म्हणून दोन-तीन माणसं पाळीपाळीने लावतात आणि अडीच-तीन हजारांहून जास्त ग्राफ्टसाठी अनेक डॉक्टर दुसरा दिवस घेतात. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका त्रेचाळीस वर्षांच्या व्यावसायिकाचा केशरोपणानंतर दोनेक दिवसांत मृत्यू झाला. तीव्र ॲलर्जीची शंका तेव्हा व्यक्त झाली होती. एका बैठकीत ९,५०० ग्राफ्ट, सुमारे बारा तास, असं बातम्यांत होतं. मृत्यूचं कारण काहीही असो, भागाकार करून बघा. बारा तासांचे सेकंद होतात ४३,२००. एका ग्राफ्टच्या वाट्याला साडेचार सेकंद, आणि तेही काढून, चीर घेऊन, लावून. शिवाय एवढ्या वेळात सुन्न करण्याचं औषध पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. लिग्नोकेनची कमाल मात्रा ॲड्रिनलिनसोबत वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम धरतात. तिच्या पलीकडे मेंदू आणि हृदय धोक्यात येतात. औषधाचा हिशोब ठेवणारा डॉक्टर खोलीत असणं ही चैन नाही.

दिल्लीत असाच एक मृत्यू झाल्यावर प्रकरण तिथल्या उच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सूचना काढल्या. केशरोपण नोंदणीकृत आणि त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करावं, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकलेलं पुरेसं नाही, मदतनीस डॉक्टरच्या देखरेखीखालीच काम करतील. लावणं बहुतेक ठिकाणी मदतनीसच करतात, आणि त्यात वावगं नाही. हजारो ग्राफ्ट लावलेला मदतनीस डॉक्टरपेक्षा सफाईदार असू शकतो. प्रश्न एवढाच की त्या वेळी डॉक्टर कुठे असतात. हिंगोलीहून नांदेडला जा, संभाजीनगरला जा, पुणे-हैदराबाद गाठा, पण तारीख ठरवण्याआधी विचारा: चिरा कोण घेणार? लावणार कोण? त्या दिवशी तुमच्याकडे आणखी किती जणांच्या शस्त्रक्रिया आहेत?

काही डोक्यांवर हा हात चालवूच नये. चाई पडते तेव्हा शरीरच आपल्या केसांवर उठलेलं असतं, तिथे लावलेलेही जाऊ शकतात. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव भागातल्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत मुठीमुठीने गळाले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवलं, आणि पुढे बऱ्याच जणांचे केस परत आले. अशा गळतीत बाहेरून काही लावायचं नसतं, कारण शोधायचं असतं. आणि बावीस वर्षांच्या पोराने लग्न जमत नाही म्हणून कपाळावर खाली दाट रेषा मागितली, तर त्याला थांबवणारा डॉक्टर त्याचं भलं करतो. त्या रेषेमागचे त्याचे मूळ केस अजून गळायचे असतात, आणि चाळिशीत ती रेषा पुढे एकटीच उभी राहते.

शस्त्रक्रिया झाली की काम रुग्णाकडे येतं. बर्नस्टीन आणि रासमन यांनी २००६ मध्ये ग्राफ्ट किती दिवसांनी पक्का होतो ते तपासलं. पाचव्या दिवसापर्यंत चिकटलेली खपली ओढली तर ग्राफ्टही निघून येऊ शकतो, नवव्या दिवसापासून निघत नाही. म्हणून पहिला आठवडा डोकं उशीला घासू द्यायचं नाही, मोटारसायकलवर हेल्मेट नको, रानातली धूळ नको, पाण्याची धार नको. मग सांगितल्याप्रमाणे साबणपाण्याने खपल्या मऊ करून घालवायच्या. दोन ते चार आठवड्यांत लावलेले केस गळतात आणि माणूस घाबरतो. मूळ आत असतं, फक्त विसावतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, कुरळट, फिकट केस वर येतात आणि नऊ ते बारा महिन्यांत भरतात. हळदीलाही लावणीपासून काढणीपर्यंत असेच आठ-नऊ महिने लागतात.

तोवर गावातल्या न्हाव्याकडे जाणं होतंच. तो डोक्यावर पाणी मारतो, केस पुढे ओढतो आणि कंगवा सोडून देतो. कोन बरोबर असेल तर ओले केस कपाळाकडे सारखे झुकून पडतात. चुकला असेल तिथे एखादा केस कंगव्यामागून उभा राहतो, आणि न्हाव्याची कात्री तिथे क्षणभर थांबते.